अनवाणी पाय, ओली माती आणि ‘अर्थिंग’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली सहा वर्षं रोज सकाळी थोडा वेळ अनवाणी चालते. सुरुवात झोप लागत नव्हती म्हणून केली, आता सवय झाली आहे. हे कळलं की लोक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मातीवर चालणं मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दाव्यांबद्दल थोडं कडक लिहिलं आहे.

ग्राउंडिंग किंवा अर्थिंग म्हणजे नेमकं काय?

उघड्या त्वचेचा जमिनीशी थेट संबंध येऊ देणं. अनवाणी गवतावर चालणं, मातीत हात घालून काम करणं, ओल्या वाळूवर बसणं, नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात पाय सोडणं, हे सगळं त्यात येतं. हल्ली याच नावाखाली तारा जोडलेल्या चटया, चादरी आणि पट्टेही विकले जातात. एक टोक अंगाखाली, दुसरं भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगला. जमिनीतून अंगात येणारे इलेक्ट्रॉन सूज, निद्रानाश आणि रक्तदाब बरे करतात, असा दावा त्यामागे असतो.

मानसोपचारातही ‘ग्राउंडिंग’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ निराळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ही कल्पना कुठून आली?

माणूस बहुतेक सगळा काळ अनवाणीच होता, त्यामुळे चालण्याचा शोध कुणी लावलेला नाही. उपचार म्हणून त्याचा आग्रह धरणाऱ्यांत जर्मनीतले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांचं नाव ठळक आहे. ते आपल्या रुग्णांना दवाने भिजलेल्या गवतावर, ओल्या दगडांवर, अगदी ताज्या बर्फावरही थोडा वेळ अनवाणी चालायला लावत. त्यांच्या बोलण्यात इलेक्ट्रॉन कुठेच नव्हते. त्यांचा भर गार पाणी, हालचाल आणि साधं राहणं यावर होता.

विजेशी जोडलेली आजची कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरची आहे. अमेरिकेतले क्लिंट ओबर केबल टीव्हीच्या व्यवसायात होते. केबलला अर्थिंग दिलं की सिग्नलमधला गोंगाट कमी होतो, हे त्यांच्या रोजच्या कामातलं ज्ञान. रबरी तळव्यांच्या बुटांनी माणूस जमिनीपासून तोडला गेला आहे, तर त्यालाही अर्थिंग हवं, असं त्यांना वाटलं. उपमा म्हणून ते पटकन पटतं. पण शरीर म्हणजे केबल नव्हे, आणि हा फरक पुढच्या बऱ्याच उत्तरांत येणार आहे.

जमिनीतून शरीरात इलेक्ट्रॉन येतात, हे खरं आहे का?

खरं आहे, पण किती आणि किती वेळ हे कुणी सांगत नाही.

पृथ्वीचा पृष्ठभाग हलका ऋणभारित असतो. स्वच्छ हवेच्या दिवशी जमिनीजवळच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचं विद्युतक्षेत्र असतं, आणि जगभर चाललेली वादळं आणि विजा हा भार टिकवून धरतात. हे भौतिकशास्त्रातलं पक्कं ज्ञान आहे. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावरून चालल्यावर आपल्या अंगावर काही हजार व्होल्टपर्यंत स्थिर वीज साठू शकते, हेही खरं. मग दाराच्या कडीला हात लावला की चट्कन झटका बसतो.

आता मोजमापाकडे बघू. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे अगदी कमी. भांडंच लहान, त्यात भार मावतो तोही नगण्य. जमिनीला पाय लागताच तो भार सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात निघून जातो किंवा भरून येतो. त्यानंतर शरीर आणि जमीन समपातळीवर. पहिल्या क्षणी जे व्हायचं ते होऊन जातं. अर्धा तास उभं राहिल्याने शरीर जास्त ‘चार्ज’ होत नाही. घागर भरली की नळाखाली धरून ठेवून पाणी वाढत नाही, तसंच हे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत नाजूक चिप हाताळणारे कामगार मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून पूर्ण पाळी काम करतात. त्या पट्ट्यात सुरक्षेसाठी दहा लाख ओहमचा रोधक, म्हणजे प्रवाह अडवणारा भाग, असतो. अर्थिंगनेच सूज, निद्रानाश आणि रक्तदाब बरे होत असते, तर या कामगारांमध्ये ते कधीच ठळकपणे दिसून आलं असतं.

पण विक्रेते मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून दाखवतात की अंगावरचे व्होल्ट शून्य झाले. ते काय असतं?

हा प्रयोग मी स्वतः घरी करून पाहिला आहे. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक हातात धरायचं आणि दुसरं अर्थिंगला. पलंगावर बसल्यावर आकडा दोन-तीन व्होल्टच्या आसपास थरथरत होता. दिव्याची वायर जवळ घेतली की वाढायचा. मग अर्थिंगला जोडलेल्या धातूच्या पट्टीवर पाय ठेवला आणि आकडा एकदम खाली आला. बघताना थरारून जायला होतं, खोटं कशाला सांगू.

पण तो आकडा काय सांगतो? भिंतीतल्या वायरिंगच्या विद्युतक्षेत्रामुळे अंगावर थोडं व्होल्टेज तयार होतं. त्यामागचा प्रवाह इतका क्षीण असतो की मीटरखेरीज कुणाला कळणारही नाही. शरीर अर्थिंगला जोडलं की व्होल्टेज कमी होतं, मात्र त्याच क्षणी शरीरातून जमिनीकडे जाणारा तो सूक्ष्म प्रवाह किंचित वाढतो. विक्रेता व्होल्टचा आकडा दाखवतो, प्रवाहाचा दाखवत नाही. दोन्ही आकडे निरुपद्रवी आहेत आणि त्यांतल्या एकावरूनही तब्येत सुधारली असं म्हणता येत नाही.

संशोधन काय म्हणतं?

संशोधन झालं आहे, आणि ते नाकारू नये. पण नीट वाचावं.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. झोप, दुखणी आणि ताण यांच्या तक्रारी असलेले १२ जण आठ आठवडे अर्थिंग जोडलेल्या गादीवर झोपले. त्यांच्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचा रोजचा चढउतार मोजला गेला आणि बहुतेकांनी झोप सुधारल्याचं सांगितलं. पण तुलनेसाठी अर्थिंग नसलेला दुसरा गट नव्हता, आणि आपण कशावर झोपलो आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. २०१० मध्ये व्यायामानंतरच्या स्नायूदुखीवर अभ्यास झाला, त्यात ८ जण होते. २०१३ मध्ये तांबड्या पेशी एकमेकींना किती चिकटतात यावर झाला, त्यात १० जण, अर्थिंग दोन तास.

१२, ८, १०. एवढ्या लोकांवरून औषधाची गोळी बाजारात आणायला कुणी परवानगी मागितली, तर ती मिळेल का? शिवाय यांतल्या काही संशोधकांचे अर्थिंगची उत्पादनं बनवणाऱ्या उद्योगाशी आर्थिक संबंध आहेत, तसं त्यांनी लेखांमध्ये स्वतःच नोंदवलं आहे. त्याने अभ्यास खोटा ठरत नाही. पण ज्यांचा संबंध नाही अशा लोकांनी मोठ्या गटावर, कुणाच्या चटईला तार खरंच जोडली आहे हे लपवून, तोच निकाल काढून दाखवला पाहिजे. तोवर इलेक्ट्रॉनमुळे शरीरातला दाह, म्हणजे सूज, कमी होतो, हे गृहीतकच राहील.

मग मला बरं वाटतं ते काय खोटं?

अजिबात नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो, म्हणून सविस्तर उत्तर देते.

सकाळी चप्पल काढून दवाच्या गवतात पाय ठेवला की पहिल्या क्षणी अंग आक्रसतं. गार पाणी बोटांच्या बेचक्यांत शिरतं. दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला टाचेखाली एखादा खडा येतो आणि पाय आपोआप वजन दुसरीकडे टाकतो. गवताची पाती घोट्याला घासतात. एखादं वाळकं पान तळव्याला चिकटून चार पावलं सोबत येतं. या सगळ्यात मला रात्रीचा विचार पुढे ओढता येत नाही. पाय कुठे पडतोय याकडे लक्ष द्यावंच लागतं, श्वास आपसूक लांब होतो, चाल मंदावते.

यामागे शरीररचना आहे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि तळव्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंप टिपणाऱ्या संवेदनाग्रांचं जाळं असतं. जाड तळाच्या बुटात ही सगळी यंत्रणा बरीचशी गप्प बसते. अनवाणी चालताना तोल सांभाळण्यासाठी मेंदूला सतत ताजी खबर मिळते.

त्यात उजेड असतो, हालचाल असते, झाडं असतात. झाडांबद्दल तर बराच भक्कम अभ्यास आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. मुळात धडधाकट माणसंच बाहेर जास्त जात असतील, हा मुद्दा तिथे उरतोच, पण इतका मोठा गट दुर्लक्षून चालत नाही.

तेव्हा तुम्हाला वाटणारं बरं खरं आहे. त्याचं श्रेय तारेला देण्याची घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं.

मातीच्या वासाने मन शांत होतं, त्यालाही काही आधार आहे का?

मृद्गंधाचा मोठा भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते मातीतले जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस, तयार करतात, आणि आपल्या नाकाला ते अतिशय सूक्ष्म प्रमाणातही कळतं. कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. मराठीत मृद्गंध हा शब्द असताना मला त्याची कधी गरज पडली नाही.

मातीतल्या मायकोबॅक्टेरियम व्हॅकी या जिवाणूमुळे आनंदी वाटतं, असंही फिरत असतं. त्यावरचा २००७ चा गाजलेला प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यात मारलेले जिवाणू त्यांना टोचले होते. मातीत हात घालून तेच होतं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

कोणत्या जमिनीवर चालावं?

विजेच्या दृष्टीने बघायचं तर ओलं गवत, ओली माती, ओली वाळू आणि समुद्राचं पाणी हे चांगले वाहक. कोरडी वाळू वाईट. रंग न दिलेलं, दमट काँक्रीट बऱ्यापैकी वाहक असतं, इमारतींच्या अर्थिंगसाठी त्यांच्या पायाभरणीतल्या काँक्रीटचा उपयोगही करतात. लाकूड, डांबर, प्लास्टिकचं फ्लोअरिंग आणि चकचकीत टाइल यांतून जवळजवळ काहीच जात नाही.

पायाच्या दृष्टीने बघायचं तर मऊ गवत किंवा भुसभुशीत माती, उजेड असताना, आणि आधी चप्पल घालून एक फेरी मारून. काच, खिळे, तारेचे तुकडे, कुत्र्यामांजरांची विष्ठा आहे का ते बघा. मी पायाच्या दृष्टीनेच बघते.

किती वेळ? सुरुवात कशी करू?

पाच ते दहा मिनिटांपासून. आयुष्यभर बूट घातलेल्या पायाचे छोटे स्नायू सुस्तावलेले असतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर चाललात तर पोटऱ्या आणि टाचा दुसऱ्या दिवशी बोलतील. दर आठवड्याला थोडी वेळ वाढवा. टाचदुखी आधीपासून असेल तर कडक जमीन टाळा. अनवाणी धावणं हा वेगळा विषय आहे, घाईने सुरू केलं तर पावलाच्या हाडांवर ताण येऊन ती दुखावतात.

तळव्याची कातडी जाड होईल, त्याची भीती बाळगू नका. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सवयीने अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे जाड असूनही त्यांची संवेदना कमी झालेली नव्हती. भेगा मात्र पडू देऊ नका. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून टाचांना काहीतरी स्निग्ध लावा.

कुणी अनवाणी चालू नये?

मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी कधीच नाही. घरातसुद्धा नाही.

माझ्या मामांना कुणीतरी सांगितलं होतं की रोज अनवाणी चाललं की साखर उतरते. ते बागेत फिरून आले, चहा घेतला, पेपर वाचला. संध्याकाळी मोजा ओलसर लागला म्हणून मामीने काढून पाहिला तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता आणि भोवतालचा भाग लाल झालेला. मामांना दिवसभर काही जाणवलं नव्हतं. ती जखम भरायला तीन महिने लागले आणि त्यांतला एक महिना आम्ही सगळेच बोट जाईल की काय या धास्तीत होतो. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण मला अजून त्याचा राग येतो.

संवेदना गेली आहे की नाही हे आपलं आपल्याला कळत नाही, हीच अडचण आहे. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तपासतात. काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. मधुमेह असेल तर ती करून घेतल्याशिवाय चप्पल काढू नका. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, पायावर उघडी जखम असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

मातीतून कोणते आजार होऊ शकतात?

धनुर्वाताचे जिवाणू मातीत सुप्त रूपात असतात आणि काट्याखिळ्याच्या खोल जखमेतून शिरतात. लस घेतलेली असावी, मोठ्यांना साधारण दर १० वर्षांनी बूस्टर.

अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीत वाढतात. त्यांच्या अळ्या तळपायाच्या अखंड कातडीतूनही आत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात आणि तिथून घशावाटे आतड्यात पोचतात आणि तिथे रक्त शोषतात. सततचा थकवा आणि कमी हिमोग्लोबिन यामागे ते असू शकतात. उघड्यावर शौचाला बसलं जातं अशा जागी अनवाणी चालू नये. कुत्र्यामांजरांच्या कृमींमुळे पायावर नागमोडी, लाल, खाजरी रेघ उठते. अशी रेघ दिसली तर डॉक्टरांकडे जा, उपचार सोपा आहे.

साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू येतात. पायाला चीर असेल तर तिथे उतरूच नका.

अर्थिंगची चटई किंवा चादर घेऊ का?

माझं उत्तर नाही असं आहे. पैसे हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण सुरक्षेचं आहे.

ही चटई घराच्या अर्थिंगवर विसंबून असते. ते अर्थिंग तुटलेलं किंवा चुकीचं जोडलेलं असेल, तर बिघाडाच्या वेळी त्यावर करंट येऊ शकतो आणि तुम्ही त्यावर झोपलेले असता. दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही: अर्थिंग चांगलं असलं तरी जमिनीला नीट जोडलेल्या माणसाला बिघडलेल्या उपकरणाचा शॉक जास्त जोराचा लागतो. इलेक्ट्रिशियन रबरी चटईवर उभे राहून काम करतात ते याचसाठी. चांगल्या चटईच्या तारेत रोधक बसवलेला असतो, त्याने धोका बराच कमी होतो. स्वस्तातल्या चटईत तो आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

आधीच घेतली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि तारेत रोधक आहे याची खात्री करा. घरी केलेली तार तर सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

पावसाळी हवेत चाललं तर चालेल?

भुरभुर पावसात खुशाल. ढग गडगडत असतील तर मात्र नाही. वीज पडते तेव्हा करंट जमिनीतून पसरत जातो आणि दोन पावलांमध्येही व्होल्टेजचा मोठा फरक तयार होतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. चपलांचा रबरी तळ विजेपासून वाचवत नाही.

लहान मुलांना सोडावं का?

हो. जागा स्वच्छ असेल, ऊन तापलेलं नसेल आणि लसी झालेल्या असतील तर मनसोक्त. आत आल्यावर हातपाय धुवायची सवय लावा.

मानसोपचारातलं ग्राउंडिंग याहून वेगळं कसं?

तिथे जमीन लागतच नाही. घबराट उठली, जुना धक्का पुन्हा डोळ्यांपुढे आला, की मन थाऱ्यावर आणण्यासाठी आताच्या क्षणाला धरायचं. एक ओळखीची पद्धत अशी: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक, अशा मनात मोजायच्या. बसमध्ये, ऑफिसात, अंथरुणात, कुठेही करता येते.

दवाच्या गवतात चालताना नकळत हेच होत असावं असं मला वाटतं. पण घबराट वारंवार येत असेल तर गवतावर भागवू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

चालायला लागल्यावर बीपीची गोळी बंद केली तर?

करू नका. बीपीची, साखरेची, थायरॉइडची, रक्त पातळ करण्याची, कुठलीच गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. नियमित चालण्याने रक्तदाब खरंच उतरू शकतो, मग ते चालणं अनवाणी असो वा बूट घालून. उतरला तर डॉक्टर गोळी कमी करतील. रोजचे आकडे वहीत लिहून त्यांना दाखवा.

मी चौथ्या मजल्यावर राहते, खाली फक्त डांबर आहे. मी काय करू?

कुंडी घ्या, माती कालवा, काहीतरी लावा. हात मातीत गेले तरी पुष्कळ. घरात स्वच्छ फरशीवर अनवाणी वावरा, टाचा उचलून बोटांवर उभं राहा, जमिनीवर पडलेला रुमाल पायाच्या बोटांनी उचला. पायाच्या स्नायूंना तेवढं काम पुरतं. आणि सुट्टीच्या दिवशी जिथे गवत असेल तिथे जा. जमलं तर सकाळी लवकर, दव वाळायच्या आत.